घरातल्या सेलवर मोबाइल चार्ज करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वीज गेलेली, पॉवर बँक रिकामी आणि फोनवर ४ टक्के. अशा वेळी टॉर्चमधले, घड्याळातले, खेळण्यातले सेल आठवतात. त्यांच्यावर फोन चार्ज करण्याचे प्रयोग मी बरीच वर्षं मल्टीमीटर हाताशी ठेवून करत आलो आहे. लोक मला जे पुन्हा पुन्हा विचारतात, त्याची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. आत्ता घाईत असाल तर कारच्या चार्जरचा प्रश्न आधी वाचा, बाकीचं नंतर.

साध्या सेलवर फोन खरंच चार्ज होतो का?

होतो. फोनला ५ व्होल्ट हवे असतात. ते भिंतीतल्या सॉकेटमधून आले की टॉर्चच्या सेलमधून, त्याला फरक पडत नाही. पण पेन्सिल सेलवर फोन शंभर टक्के भरेल अशी आशा धरू नका. सेलच्या संख्येनुसार १० ते ६० टक्क्यांपर्यंत मजल जाते. अडचणीत १० टक्केसुद्धा पुष्कळ असतात. तेवढ्यात अर्धा तास बोलता येतं, घरच्यांना निरोप देता येतो, आपण कुठे आहोत ते कळवता येतं.

बघायच्या गोष्टी दोनच. सेलमध्ये ऊर्जा किती आहे, आणि सेल व फोन यांच्या मध्ये ५ व्होल्ट सांभाळणारं काही आहे का. पहिली चुकली तर फोन अर्धवट चार्ज होतो. दुसरी चुकली तर फोनच जातो.

सेल गोळा करण्याआधी घरात काय शोधावं?

लॅपटॉप. बहुतेकांना तो सुचतच नाही. लॅपटॉपच्या बॅटरीत साधारण ४० ते ६० वॅट-तास (साठलेल्या ऊर्जेचं माप) असतात, म्हणजे दोन वेळा फोन भरेल इतके. झाकण मिटल्यावर बऱ्याच लॅपटॉपचे यूएसबी पोर्ट बंद होतात, पण शेजारी विजेची किंवा बॅटरीची खूण असलेला पोर्ट अनेकदा चालू राहतो. तसा पोर्ट नसेल तर स्क्रीन अगदी मंद करून, वाय-फाय बंद करून लॅपटॉप चालू ठेवा.

त्यानंतर यूएसबीतून वीज देणारे ब्लूटूथ स्पीकर आणि चार्जिंगचे दिवे पाहा. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेल्या केबलने एका फोनवरून दुसरा फोनही चार्ज होतो. कोण देणार आणि कोण घेणार, ते सेटिंगमध्ये निवडता येतं. आणि दारात कार उभी असेल तर प्रश्नच मिटला. फक्त बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून फोन चार्ज करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि त्याने माणूस बेशुद्ध होऊन जातो.

माझा फोन ५००० एमएएचचा (मिलिअँपिअर-तास) आहे आणि एक पेन्सिल सेल २५०० चा. मग दोन सेलमध्ये फोन भरायला हवा ना?

हा हिशेब मला सगळ्यात जास्त वेळा ऐकू येतो आणि तो चुकतो. एमएएच हा आकडा व्होल्टेज सोबत घेतल्याशिवाय काहीच सांगत नाही. तुलना करायची ती वॅट-तासांची: अँपिअर-तास गुणिले व्होल्ट.

फोनची बॅटरी ५ अँपिअर-तास, ३.८५ व्होल्ट, म्हणजे सुमारे १९ वॅट-तास. पेन्सिल सेल २.५ अँपिअर-तास, १.५ व्होल्ट, म्हणजे कागदावर ३.७५. पण सेलवरचा आकडा अगदी सावकाश, काही मिलिअँपिअर ओढत सेल संपवला तर मिळतो. घड्याळ तसं ओढतं. फोन एकदम अर्धा अँपिअर मागतो, तेव्हा अल्कलाइन सेलच्या अंतर्गत रोधातच बरीचशी ऊर्जा उष्णता होऊन जाते आणि हातात दोन वॅट-तासांच्या आसपास उरतात. पुढे व्होल्टेज बदलताना आणि फोनच्या आत चार्जिंग होताना मिळून २५ ते ३० टक्के जातात. म्हणजे एका सेलमागे फोनमध्ये जेमतेम दीड वॅट-तास पोचतात.

पॉवर बँकेवरच्या १०,००० च्या आकड्याचंही असंच आहे. तो आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो. म्हणजे ३७ वॅट-तास. ५ व्होल्टवर ते ७४०० होतात आणि तोटा वजा जाता ६००० ते ६५०० मिळतात. यात कंपनीने फसवलेलं नसतं, आपण दोन वेगळ्या व्होल्टेजचे आकडे शेजारी ठेवलेले असतात.

मग किती आणि कुठले सेल लागतील?

वरचाच फोन धरू. चार अल्कलाइन पेन्सिल सेल साधारण ३० टक्के देतात, आठ सेल ६० च्या आसपास. रिचार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्टचेच असतात, पण जास्त विद्युतप्रवाह ओढला तरी दम सोडत नाहीत. त्यामुळे या कामात ते अल्कलाइनपेक्षा सरस ठरतात, अर्थात ते भरलेले असले तर. रिमोटमधले बारीक सेल पेन्सिल सेलच्या निम्म्याहूनही कमी देतात.

मोठ्या टॉर्चचे जाडे सेल मात्र खरे कामाचे. अल्कलाइन जाड्या सेलची क्षमता १२,००० एमएएच किंवा त्याहून जास्त असते. असे सहा सेल एका ओळीत, एकाची बोंडी दुसऱ्याच्या बुडाला, लावले तर फोन दोनदा भरू शकतो. घ्यायच्या आधी सेलवर ‘अल्कलाइन’ लिहिलंय ना ते वाचा. दिसायला सारखे पण वजनाला हलके असलेले झिंक-कार्बनचे स्वस्त सेल भिंतीवरच्या घड्याळासाठी ठीक आहेत. फोनने अर्धा अँपिअर मागितला की ते काही मिनिटांत मान टाकतात.

चार सेल ओळीत जोडून सरळ यूएसबी केबलला दिले तर?

नवे अल्कलाइन सेल मल्टीमीटरवर प्रत्येकी १.६ व्होल्टपर्यंत दाखवतात. चार जोडले की ६.४. यूएसबीच्या मानकात ५ व्होल्टला ५ टक्के इकडेतिकडे चालतं, म्हणजे ४.७५ ते ५.२५. फोनच्या आत जास्त व्होल्टेज अडवणारं सर्किट सहसा असतं आणि बऱ्याचदा ते फोनला वाचवतं. पण ते आपल्या फोनमध्ये किती मजबूत आहे, हे तपासायची ही वेळ नव्हे. मी असं करत नाही आणि करा असं सांगणारही नाही.

दुसरा काहीच मार्ग नसेल तर त्यातल्या त्यात बरे दोन आहेत. एक, चार निकेलचे सेल: त्यांचे मिळून ४.८ व्होल्ट होतात. चार्जरमधून नुकतेच काढलेले असतील तर ते ५.६ पर्यंत चढतात, म्हणून आधी काही मिनिटं टॉर्चमध्ये जाळून घ्या. दोन, चार अल्कलाइन सेलच्या ओळीत एक साधा सिलिकॉन डायोड. तो ०.७ व्होल्ट खातो आणि भार पडला की व्होल्टेज ५ च्या जवळ येतं. दोन्ही प्रकारांत फोन लावण्याआधी मीटरने मोजा. मीटर नसेल तर हा रस्ता सोडा.

तुम्ही सगळ्यांना कारचा चार्जरच का सुचवता?

कारण कारच्या सॉकेटमध्ये बसणारा तो छोटा चार्जर म्हणजे तयार व्होल्टेज-नियामकच असतो. कारचं व्होल्टेज वरखाली होतं, त्यामुळे १२ ते २४ व्होल्टपर्यंत काहीही आलं तरी ५ व्होल्टच द्यायचे, अशीच त्याची घडण असते. बरेच चार्जर ८ व्होल्टपर्यंत उतरल्यावरही चालू राहतात. तो अनेकांच्या घरात असतोच, आणि फोनच्या बाजूला नेहमीचा यूएसबी पोर्ट असल्यामुळे केबल कापावी लागत नाही. घरगुती जुगाडातला सगळ्यात मोठा धोका इथेच संपतो.

जोडणी अशी. आठ पेन्सिल सेल ओळीत, म्हणजे १२ व्होल्ट. चार्जरच्या नाकावर जी दबणारी धातूची बोंडी असते ती धन. अंगावर दोन्ही बाजूंना बाहेर आलेल्या ज्या स्प्रिंगच्या पट्ट्या असतात त्या ऋण; दोन्हींपैकी कुठलीही चालते. लाल वायर बोंडीवर, काळी पट्टीवर.

वाचायला सोपं वाटतं, पण हातात घेतल्यावर बोंडीवर वायर टिकत नाही, घसरते. मी वायरचं टोक दोन सेंटिमीटर सोलतो, तारा पिळून त्यांची चपटी वेटोळी करतो, ती बोंडीवर ठेवून वरून चिकटपट्टीचे दोन आडवे तुकडे लावतो आणि मग चार्जरच्या लांबीवरून एक ताणलेला रबरबँड चढवतो, म्हणजे बोंडी आत दबलेली राहते. काळी वायर पट्टीखाली सरकवली की पट्टीच तिला धरून ठेवते. दोन्ही उघडी टोकं एकमेकांना लागणार नाहीत एवढं पाहायचं. चार्जरवरचा बारीक दिवा लागला की मगच फोनची केबल.

माझ्या जोडणीत फोन लावण्याआधी मीटर १२.६ दाखवत होता. फोन लावताच आकडा ११ च्या जवळ आला आणि तिथे स्थिरावला. एवढी घसरण ठीक आहे. तो झपाट्याने ८ कडे निघाला तर सेल थकलेले आहेत असं समजा.

चार्जर निवडताना जुना, साधा, १ अँपिअरचा निवडा. फास्ट चार्जिंगवाल्या चार्जरशी फोन बोलणी करतो आणि १५-२० वॅट मागायला लागतो. सेल तेवढं देऊ शकत नाहीत, आणि जे देतात त्यातलं बरंच उष्णतेत घालवतात.

९ व्होल्टची चौकोनी बॅटरी चालेल का?

चालते, पण निराशा होते. अल्कलाइनची अशी एखादी संपलेली बॅटरी उघडून पाहिलीत तर आत बोटभर लांबीचे सहा बारीक सेल एकमेकांना चिकटून बसलेले दिसतात. (काही बनावटींत चपट्या वड्यांची चळत असते.) इतक्या बारीक सेलमध्ये साठा किती असणार? साधारण ५०० एमएएच, तोही मंद गतीने वापरला तर.

तीन पायांचा ७८०५ नावाचा व्होल्टेज-नियामक लावून ५ व्होल्ट काढायची कृती खूप फिरते. तिच्यात ९ आणि ५ मधला फरक ७८०५ नुसता गरम होऊन घालवतो. अर्धा अँपिअर ओढला तर २ वॅट उष्णता. उष्णता पसरवणारी पट्टी नसेल तर बोट भाजतं. मी एकदा भाजून घेतलं आहे, तर्जनीवर त्याचा चौकोनी डाग आठवडाभर होता. शिवाय त्याला आत किमान ७ व्होल्ट लागतात, त्यामुळे बॅटरीत काही शिल्लक असतानाच तो हात वर करतो. फोनमध्ये पोचतात पाचसहा टक्के. हीच बॅटरी कारच्या चार्जरला लावली तर थोडे जास्त मिळतात. एका फोन कॉलपुरती ती ठीक आहे.

दोनच सेल आहेत. व्होल्टेज वाढवता येतं का?

येतं. बूस्ट कन्व्हर्टर नावाचा नखाएवढा तयार बोर्ड मिळतो. एका बाजूला १ ते ५ व्होल्ट द्या, दुसऱ्या बाजूला यूएसबी पोर्टवर ५ मिळतात. अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक्स अभियंता लिमोर फ्रीड यांनी याच तत्त्वावर, पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत मावणारा, दोन पेन्सिल सेलवर चालणारा चार्जर बनवून त्याची कृती सगळ्यांसाठी खुली केली होती, आणि घरी असे चार्जर बनवण्याची हौस त्यामुळे पुष्कळ पसरली.

पण व्होल्टेज वाढलं म्हणजे ऊर्जा वाढली असं होत नाही. ५ व्होल्टवर अर्धा अँपिअर, म्हणजे अडीच वॅट, द्यायला ३ व्होल्टच्या दोन सेलना १ अँपिअर द्यावा लागतो. सेल उतरत जातात तसा बोर्ड आणखी जास्त ओढतो. अल्कलाइन सेल या ओढीत लवकर संपतात आणि फोनला १० टक्क्यांच्या आसपास मिळतात. इथे निकेलचे सेल वापरा, फरक लगेच दिसेल.

फोन ‘चार्जिंग’ दाखवतो आणि दोन सेकंदांत बंद होतो. असं का?

तुमची जोडणी बहुधा बरोबर आहे. सेल कमी पडताहेत. फोन विद्युतप्रवाह मागतो, सेलचं व्होल्टेज कोसळतं, फोन चार्जिंग थांबवतो, भार गेला की व्होल्टेज पुन्हा वर येतं, फोन पुन्हा मागतो. हे चक्र चालू राहिलं तर स्क्रीन दर वेळी उजळते आणि मिळतं त्यापेक्षा जास्त खर्च होतं. लगेच काढा.

किती ओढायचं हे फोन केबलमधल्या दोन डेटा वायरवरून ठरवतो. चार्जरच्या बाजूला त्या दोन वायर एकमेकींना जोडलेल्या असल्या तर फोन समोर भिंतीवरचा चार्जर आहे असं धरतो आणि दीड अँपिअरपर्यंत मागू शकतो. त्या मोकळ्या असल्या तर बरेच फोन अर्ध्या अँपिअरवर किंवा त्याहून कमीवर समाधान मानतात, आणि काही फोन चार्जच होत नाहीत. सेल अशक्त असतील तर कमी मागणं आपल्या सोयीचं. कार चार्जरवर दोन पोर्ट असतील तर दोन्ही लावून पाहा, त्यातला एक बहुतेक वेळा कमी ओढू देतो. लांब, बारीक केबल टाळा. तिच्यातच व्होल्टेज गळतं. फोन बंद करून लावला तरी फरक पडतो.

केबल कापायची वेळ आली तर कुठली वायर कुठली?

लाल धन, काळी ऋण, पांढरी आणि हिरवी डेटाच्या. हा रिवाज आहे. स्वस्त केबलमध्ये रंग भलतेच निघालेले मी पाहिले आहेत, म्हणून मीटरने खात्री केल्याशिवाय जोडू नका. उलट जोडणीत फोनचं चार्जिंगचं सर्किट क्षणात जळू शकतं. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल तर कापूच नका, तिच्यात ठराविक रोध आणि देवाणघेवाणीच्या वेगळ्या वायर असतात.

सेल ठेवायला डबा नाही. सेल एकमेकांना कसे जोडू?

जाड कागदाची सेलच्या जाडीची घट्ट सुरळी करा आणि चिकटपट्टीने बांधा. चार सेल एकामागे एक सरकवा, एकाची बोंडी दुसऱ्याच्या बुडाला. दोन्ही टोकांना घडी घातलेली अॅल्युमिनियमची पातळ पन्नी आणि तिच्यात वायरचं सोललेलं टोक. मग सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी लांबीवरून ताणून बांधा. दाब महत्त्वाचा आहे. सैल जोडात व्होल्टेज जातं आणि तो गरम होतो. आठ सेल हवे असतील तर अशा दोन सुरळ्या शेजारी उलटसुलट ठेवून एका टोकाला जोडा. सेलवर थेट सोल्डर करू नका, उष्णतेने आतली सीलं सुटतात.

जुने आणि नवे सेल एकत्र लावले तर चालेल?

नाही. ओळीत सगळ्यांतून सारखाच विद्युतप्रवाह जातो. अशक्त सेल आधी संपतो आणि बाकीचे त्याच्यातून जबरदस्तीने प्रवाह ढकलत राहतात. त्याची ध्रुवता उलटते, तो गरम होतो, गळतो. एका प्रकारचे, शक्यतो एका पाकिटातले सेल घ्या. घरभरातून गोळा केलेले असतील तर प्रत्येकाचं व्होल्टेज मोजा आणि १.३ च्या खालचे अल्कलाइन सेल बाजूला काढा. ते रिमोटमध्ये अजून कित्येक महिने चालतील.

कॉम्प्युटरच्या यूपीएसमधून, मोटरसायकलमधून किंवा कारमधून घेता येईल का?

उत्तम. साठा इथे खरा मोठा आहे. छोट्या यूपीएसमध्ये बहुधा १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासाची बंद लेड-अॅसिड बॅटरी असते, म्हणजे ८४ वॅट-तास. ती निम्मीच वापरावी, तरी फोन दीड वेळा भरतो. यूपीएसच्या सॉकेटला फोनचा नेहमीचा चार्जर लावला तर १२ व्होल्टचे आधी घरगुती विजेएवढे आणि मग पुन्हा ५ व्होल्ट होतात, आणि यूपीएस स्वतःसाठी फोनपेक्षा जास्त खातो. बॅटरी बाहेरच्या झाकणातून निघत असेल तर यूपीएस बंद करून, प्लग काढून ती बाहेर घ्या आणि कार चार्जर तिलाच जोडा. झाकण नसेल आणि पेटीच उघडावी लागणार असेल तर नको, आतले वीज साठवणारे कपॅसिटर यूपीएस बंद केल्यावरही झटका देऊ शकतात.

मोटरसायकलची बॅटरी ५ अँपिअर-तासाची धरली तर ६० वॅट-तास. एक फोन भरायला तोट्यासकट सुमारे २५ जातात, म्हणजे नंतर बटणाने गाडी सुरू होईल याची खात्री नाही. कारच्या ४५ अँपिअर-तासाच्या बॅटरीला तेवढं जाणवणारही नाही. विश्रांती घेतलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर मीटर १२.६ दाखवत असेल तर ती भरलेली; १२ च्या आसपास आली की थांबा.

या बॅटऱ्यांचं व्होल्टेज अंगाला बाधत नाही, पण त्यांचा शॉर्ट भयंकर असतो. दोन टोकांवर पाना पडला किंवा अंगठी लागली तर धातू लाल होतो. अंगठी, कडं, घड्याळ आधी काढून ठेवा. लाल वायरमध्ये २-३ अँपिअरचा फ्यूज घाला. बॅटरीजवळ ठिणगी नको, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो.

ड्रिल मशीनचा बॅटरी पॅक?

१८ व्होल्टच्या पॅकमध्ये लिथियमचे सेल पाचाच्या ओळीत असतात आणि पूर्ण भरल्यावर तो २१ व्होल्ट देतो. २ अँपिअर-तासाचा असेल तर ३६ वॅट-तास. त्यावर बसणारं यूएसबीचं तयार टोपण मिळतं, तेच घ्या. काही पॅकमध्ये ‘आता पुरे’ म्हणून थांबवणारं सर्किट पॅकमध्ये नसून मशीनमध्ये असतं, म्हणून शेवटचा दिवा उरला की काढा.

जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतले सेल काढून वापरू का?

आणीबाणीत, मेणबत्तीच्या उजेडात, घाईघाईने? अजिबात नको. त्यात सहसा १८६५० नावाचे सेल असतात: १८ मिलिमीटर व्यासाचे, ६५ मिलिमीटर लांब, ३.७ व्होल्टचे. साठा मोहात पाडणारा असतो, पण सुट्या सेलना संरक्षण नसतं. पॅक उघडताना स्क्रूड्रायव्हर आवरणातून गेला किंवा निकेलची पट्टी चुकीच्या जागी टेकली की सेल पेट घेऊ शकतो, आणि एक पेटला की शेजारचे पेटतात.

तुमच्याकडे १८६५० सेलसाठीच बनवलेला, संरक्षण सर्किट असलेला पॉवर बँकेचा सांगाडा आणि चांगले सेल आधीपासून असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हाही २.५ व्होल्टच्या खाली गेलेला, गंजलेला किंवा आवरण फाटलेला सेल वापरू नका.

फोनची बॅटरी काढून तिच्याच टोकांना सेल लावले तर चार्जरची गरज नाही ना?

हे करू नका. लिथियमची बॅटरी ठराविक व्होल्टेजला, बहुधा ४.२ ते ४.४ च्या दरम्यान, थांबवावी लागते आणि ते काम फोनमधलं सर्किट करतं. तीन अल्कलाइन सेल मिळून ४.५ च्या वर जातात आणि मध्ये थांबवणारं कोणी नसतं. फुगणं, धूर, आग, या क्रमाने पुढचं घडतं. बॅटरी निघत असलेल्या फोनसाठी सोपा उपाय म्हणजे दुसरी भरलेली बॅटरी.

बटण सेल? लिंबू-बटाट्याची वीज?

नाही. ३ व्होल्टचा चपटा बटण सेल २२० एमएएचचा असतो आणि काही मिलिअँपिअरच देऊ शकतो. लिंबू तर त्याच्याही कितीतरी खाली.

सोलर पॅनलचं काय?

५ वॅटचं पॅनल कडक उन्हात, सूर्याकडे तोंड करून ठेवलं तर ३-४ वॅट देतं. ढग आला की फोन तुटतो-जोडतो. पॅनलने पॉवर बँक किंवा निकेलचे सेल भरा आणि त्यावरून फोन. फोन उन्हात ठेवू नका. तापला की तो स्वतःच चार्जिंग थांबवतो.

मिळालेले १० टक्के जास्तीत जास्त कसे पुरवावे?

फोन ५ टक्क्यांवर आला की चार्जिंगला लावा, पूर्ण मरू देऊ नका. मेलेला फोन उठायला आधी बरीच मिनिटं खातो आणि सुरू होतानाच एखादा टक्का घालवतो. लावल्यावर विमान मोड, स्क्रीन बंद. सिग्नल कमकुवत असलेल्या जागी फोन टॉवर शोधण्यात सगळ्यात जास्त खर्च करतो, म्हणून एरवी विमान मोडच ठेवा आणि ठरलेल्या वेळी पाच मिनिटं उघडा.

ती वेळ समोरच्यालाही सांगा. ‘मी सुखरूप आहे, अमुक ठिकाणी आहे, संध्याकाळी ७ वाजता फोन चालू करेन’ असा एकच साधा एसएमएस घरच्यांची रात्रभराची घालमेल वाचवतो, आणि त्यांचे वीस फोन येऊन तुमची बॅटरी संपणं टळतं. आवाजाचा कॉल लागत नसेल तेव्हाही एसएमएस कित्येकदा जातो. फोनचा टॉर्च लावू नका. सेल शिल्लक असतील तर उजेडाला खरा टॉर्च वापरा.

बटणांचा साधा फोन जवळ ठेवण्यात अर्थ आहे का?

माझ्या मते सेल साठवण्यापेक्षा जास्त. त्याची बॅटरी १००० एमएएचच्या आसपास, म्हणजे ३.७ वॅट-तास. ज्या चार सेलवर स्मार्टफोन ३० टक्के चढतो, त्यांच्यावर हा पूर्ण भरतो आणि नुसता ठेवला तर कित्येक दिवस टिकतो. आपलं सिम त्यात बसतं का आणि तो ज्या नेटवर्कवर चालतो ते आपल्या भागात अजून आहे का, हे आधीच तपासा. बऱ्याच देशांनी २जी आणि ३जी बंद केलं आहे.

सेल किंवा जोडणी गरम झाली तर?

कोमट असेल तर हरकत नाही. हात ठेववत नसेल तर आधी सेलकडची वायर काढा, फोन नंतर. लिथियमचा सेल किंवा पॉवर बँक फुगली, फुसफुसली किंवा गोडसर उग्र वास आला तर हात न लावता लांब व्हा, खिडक्या उघडा, धूर श्वासात घेऊ नका. अजून पेटलेली नसेल आणि सुरक्षितपणे उचलता येत असेल तरच बाहेर सिमेंटवर किंवा मातीवर ठेवा. गळलेल्या अल्कलाइन सेलचा पांढरा थर त्वचेला भाजतो; तो पुसताना हातमोजे घाला, डोळ्यांना हात लावू नका.

तयारीची पेटी करायची तर त्यात काय ठेवू, आणि ती किती टिकते?

माझ्या पेटीत आठ अल्कलाइन पेन्सिल सेल, आठ सेलचा डबा, १ अँपिअरचा कार चार्जर, आखूड जाड केबल, दोन मगरचिमटे, चिकटपट्टी, रबरबँड आणि छोटा मल्टीमीटर आहे. सेल डब्यात बसवून ठेवलेले नाहीत. बसवले की गळण्याची भीती. चांगले अल्कलाइन सेल ५ ते १० वर्षं टिकतात, तारीख अंगावर असते. लिथियमचे १.५ व्होल्टचे पेन्सिल सेल २० वर्षांपर्यंत टिकतात आणि कडाक्याच्या थंडीतही चालतात. मात्र नवे असताना ते प्रत्येकी १.८ व्होल्टपर्यंत दाखवतात, म्हणून नियामकाशिवाय कधीच नको. साधे निकेलचे सेल महिन्याभरात बरेच उतरतात. ठेवायचेच तर पडून राहिल्यावर कमी उतरणाऱ्या प्रकारचे घ्या. पॉवर बँक दर तीन महिन्यांनी भरा.

पेटी भरून झाली की एकदा दिवसाउजेडी, घरात वीज असताना सगळं जोडून फोन खरंच चार्ज होतो का ते बघा. माझ्या पहिल्या पेटीत डब्याची एक स्प्रिंग गंजलेली होती. मीटरवर बाराऐवजी शून्य दिसलं तेव्हा कळलं. सँडपेपरने घासून दहा मिनिटांत ती ठीक झाली. आता वर्षातून दोनदा मी पेटी उघडतो, प्रत्येक सेल मोजतो आणि सगळ्यात जुने चार काढून टॉर्चमध्ये घालतो.